झेंडूची सूट

दसऱ्याच्या सकाळी सोपान गुंजाळला एका गाडीचा फोन आला. नंबर अनोळखी होता, आणि त्या दिवशी अनोळखी नंबर म्हणजे गिऱ्हाईकच. सोपाननं दाभण दातात धरलं, फोन खांद्यानं कानाला दाबला आणि समोरचं काही ऐकायच्या आधीच सांगून टाकलं, "मोठे हार संपले. बायको पोचवायला गेलीय, ती आली की नवे ओवू."

पलीकडचा आवाज बाईचा होता, पण माणसाचा नव्हता.

"मी नाशिक रस्त्यावरची एक गाडी बोलते आहे. माझ्यासमोर एक महिला पडलेली आहे. तिच्या फोनमध्ये जवळचा माणूस म्हणून तुमचं नाव आहे. रुग्णवाहिका बोलावली आहे. तिचा श्वास मला दिसत नाही."

सोपाननं दाभण तोंडातून काढलं. "कुठं पायजे हार?" त्यानं विचारलं. गाडीनं तीच वाक्यं, तितक्याच शांतपणे, पुन्हा सांगितली.

तो अनवाणी धावला. त्यांचं दुकान म्हणजे संगमनेरच्या चौकातली ताडपत्री आणि दोन बाकडी. तिथून जागा फार लांब नव्हती. लांबून त्याला वाटलं, कुणाच्या तरी टेम्पोतली फुलं सांडलीत. मग फुलांच्या खाली केशरी साडी दिसली. फोन करणारी पांढरी गाडी रस्त्यात आडवी उभी होती, त्याच्या बायकोला, अलकाला, मागच्या गाड्यांपासून आडोसा करून. बाकीच्या गाड्या तिला वळसा घालून शिस्तीत पुढे जात होत्या. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. त्या सगळ्यांच्या तोंडाला झेंडूचे हार होते.

अलका जागच्या जागीच गेली होती.

या गाड्यांना लोक 'स्वयंचल' म्हणत. चालक नसे, चाक असे ते अडीनडीपुरतं. कपाळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी काच असे, ती नेत्रपट्टी. तिच्यात कॅमेरे होते आणि प्रकाश फेकून अंतर मोजणारी यंत्रं. समोर माणूस, वासरू, चेंडू, काहीही आलं की गाडी थांबे. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघायचं असतं हे लहान मुलांना कुणी शिकवतच नसे.

सोपाननं स्वतः वीस वर्षं डिझेलचा टेम्पो चालवला होता. काळा धूर, डोळ्यांची आग, थंडीत आईचा दमा उसळायचा तो वेगळाच. घाटात दर आठवड्याला एखादा ट्रक उलटायचा. स्वयंचल आल्या, टेम्पो भंगारात गेला आणि सोपान बायकोच्या हारांच्या धंद्यात तिचा मदतनीस झाला. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. आईचे शेवटचे दोन हिवाळे बरे गेले. सरकारी दवाखान्यातली अपघाताची खोली रिकामी राहू लागली, तिथं आता बाळांना लस देत. गाड्यांबद्दल त्याच्या मनात उपकाराचीच भावना होती.

म्हणूनच त्याला कळेना. अलकाला उडवणारी गाडी थांबली नव्हती. आत अकोल्याचं एक कुटुंब होतं, देवदर्शनाला निघालेलं. धक्का बसला, मांडीवरचा पेढ्यांचा पुडा पडला. त्यांनी गाडीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, रस्त्यात अडथळा नव्हता. पोलिसांनी तिची नोंद उघडून पाहिली, तीतही तेच होतं. रस्ता मोकळा.

तेरावं झालं. मुलगी सिन्नरला सासरी परत गेली. त्यानंतरच्या आठवड्यात एक तरुण बाई दारात आली. शर्वरी कुलथे, गाड्या बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर.

"कंपनीनं पाठवलं?" सोपाननं विचारलं.

"नाही काका. कंपनीचं पत्र येईल महिन्याभरानं. त्याच्या आधी कुणी माणसानं येऊन सांगावं, असं वाटलं."

"बसा. चहा टाकतो. साखर किती, ते तुमचं तुम्ही बघा, मला अंदाज नाही."

चहा फार गोड झाला होता. शर्वरीनं तो निम्मा प्यायला आणि कप खाली ठेवला.

"गाडीनं काकूंना पाहिलं होतं," ती म्हणाली. "दिसल्या नाहीत, असं झालं नाही. पाहिलं, आणि सोडून दिलं."

"म्हणजे?"

"दसऱ्याला लोक गाडीच्या तोंडाला हार घालतात. हार नेत्रपट्टीवर येतो. गाडीला वाटतं समोर काहीतरी आहे, ती जागची हलत नाही. म्हणून गाडीला शिकवलं, की दसऱ्याच्या दिवशी, स्वतःच्या गळ्यात हार असेल, तर समोर दिसणारा झेंडू मोजायचा नाही. तो आपलाच हार आहे असं समजायचं. आम्ही त्याला झेंडू-सूट म्हणतो."

"पण ती तर लांब होती. गाडीला अंतर कळतं ना?"

"हारामुळं अंतर मोजणारा प्रकाश अडतो. नुसता रंग आणि आकार उरतो. काकूंच्या डोक्यावर पाटी होती, दोन्ही खांद्यांवरून माळा गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. साडीही..."

"केशरी. दसऱ्याला ती तीच नेसायची." सोपाननं तिचा कप उचलून बाजूला ठेवला. "मागची गाडी कशी काय थांबली मग?"

"तिला हार घातलेला नव्हता."

बाहेर एक गाडी आवाज न करता गेली.

"ही सूट कुणी दिली?" त्यानं विचारलं.

"लिहिली मी," शर्वरी म्हणाली. "मागितली होती..."

"मागितली आम्ही," सोपान म्हणाला.

त्याला सगळं आठवत होतं. अलका गेली त्याच्या आधीच्या दसऱ्याला, नवी, जास्त सावध नेत्रपट्टी आली तेव्हा, गाड्यांनी हार नाकारले होते. हार घातला की गाडी बंद. झेंडू शेतात सडला, चौकात कुजला. मग फूलवाल्यांच्या संघानं कंपनीच्या लोकांना बोलावून बैठक घेतली. संघाचा अध्यक्ष मधू वर्पे चाचरत बोलत होता, तेव्हा अलकाच उठली होती. "वर्षभर ती आम्हाला वाहते," ती म्हणाली होती, "एक दिवस आम्ही तिला हार घातला तर तिला दिसेनासं होतं? एवढी शहाणी गाडी, तिला आपला हार ओळखता येत नाही होय?" सगळे हसले होते. कंपनीचे साहेबही हसले होते. घरी येताना अलका म्हणाली, "बघ, जमलं," आणि रस्ताभर स्वतःशीच हसत होती.

शर्वरी जायला उठली. "काका, अजून एक आहे. यंत्राच्या निर्णयानं माणूस दगावला, तर तो नियम गोठवतात. पुन्हा सुरू करायचा, तर मृताच्या जवळच्या माणसाची संमती लागते. कायदाच आहे तसा. तुम्हाला विचारतील."

"मग मी नाही म्हणेन. त्यात विचारायचं काय?"

शर्वरीनं चपला घातल्या, पण पायरी उतरली नाही. "ज्या वर्षी गाड्यांनी हार नाकारले, त्या वर्षी हजारो लोकांनी गाड्या हातानं चालवल्या. हार काढायला कुणी तयार नव्हतं. वर्षानुवर्षं चाक न धरलेली माणसं. नऊ जण गेले त्या दिवशी, एवढ्या एका जिल्ह्यात. साकूरची एक शाळकरी मुलगी होती, सोनं द्यायला शेजारी निघाली होती. हातात आपट्याची पानं होती. सूट दिल्यावर..."

"एक," सोपान म्हणाला.

तिनं मान हलवली.

ते वर्ष सोपाननं कसं काढलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. स्वयंपाक यायचा नाही असं नव्हतं, पण दोघांचाच अंदाज हाताला बसलेला. भाकरी उरायच्या, मग तो त्या शेजारच्या कुत्रीला घालायचा. लग्नसराईत मांडवादारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी हारांची मागणी आली. हारांची मापं कुठं लिहिलेली नव्हती. अलका वितीनं मोजायची. छोट्या गाडीला इतक्या विती, मोठीला इतक्या, बसला इतक्या. त्या विती सोपानला पाठ होत्या. पण त्याचा हात मोठा. त्यानं मोजलेला प्रत्येक हार लांब व्हायचा आणि चाकापर्यंत लोंबायचा. गिऱ्हाईकं काही बोलायची नाहीत, गुपचूप टोक खोचून घ्यायची.

आषाढात मधू वर्पेच्या शेतावर झेंडूची रोपं आली. सोपान त्याला भेटायला गेला. मधू त्याचा शाळेपासूनचा सोबती. दोघं बांधावर बसले.

"मधू, हार तोंडाला नको. मागं बांधू. नेत्रपट्टी मोकळी राहील, सूटच लागणार नाही. संघानं सांगितलं तर लोक ऐकतील."

"गाडीच्या पाठीला हार?" मधू म्हणाला. "अरे, नवरदेवाच्या पाठीला हार घालतात का कुणी?"

"नवरदेव माणसं चिरडत नाही."

मधूनं हातातलं ढेकूळ फोडलं. बराच वेळ तो मातीच चुरत बसला.

"मी सांगून पाहिलं," तो शेवटी म्हणाला. "तुला काय वाटलं, मी गप्प बसलो? तीन गावांत सांगितलं. बाया म्हणाल्या, लक्ष्मीला पाठमोरी पूजतात का. एक म्हातारा म्हणाला, मग मी हातानं चालवीन, मला येतं अजून. त्याला दिसत नाही धड, सोपान. तो चालवणार."

"आणि तुझा झेंडू?"

"आहे ना. खोटं कशाला बोलू? चार एकर लावलाय. सूट आली नाही तर निम्मा रस्त्यावर ओतीन. पण तू माझ्याकडं बघून हो म्हणू नको. मला ते पचायचं नाही."

"मग कुणाकडं बघू?"

"अलकावैनी असती तर हो म्हणाली असती."

"ती जिवंत असती तर म्हणाली असती," सोपान म्हणाला.

मधूनं त्याला गाडीनं सोडायचं म्हटलं, पण सोपान चालतच निघाला. हल्ली तो रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघायचा. पोरं त्याला हसायची.

भाद्रपद सरता सरता शर्वरी पुन्हा आली. या वेळी रीतसर, कंपनीचं काम घेऊन. तिच्याकडं एक छोटी चकती होती, शर्टाच्या बटणाएवढी.

"सूट बदललीय," ती म्हणाली. "फुलं वाहून नेणाऱ्या प्रत्येकानं ही छातीला लावायची. हिच्यातून सतत खूण जाते. समोर झेंडू असला, तरी गाडीला कळेल की आत माणूस आहे."

सोपाननं चकती तळहातावर घेऊन पाहिली. वजन लागत नव्हतं.

"म्हणजे आता माणसानं गाडीला सांगायचं, की मी माणूस आहे."

"फक्त दसऱ्याला, काका."

"आणि जिनं लावली नाही, ती?"

शर्वरीनं चकती उचलून पाकिटात ठेवली. तिचे डोळे सुजलेले होते. इथं यायच्या आधी कुठंतरी ती रडून आली असावी. सोपानला तिची दया आली. आपल्या मुलीच्याच वयाची. तिनं सूट लिहिली नसती, तर साकूरच्या त्या मुलीसारख्या अजून किती गेल्या असत्या, कुणी सांगावं? आणि लिहिली म्हणून अलका गेली. दोन्ही खरं होतं, आणि एकानं दुसरं पुसलं जात नव्हतं.

"तुम्ही असता माझ्या जागी, तर?" त्यानं विचारलं.

"मी तुमच्या जागी नाहीये," शर्वरी म्हणाली. "रोज स्वतःला हेच सांगते. त्यानं काही होत नाही."

तिनं सांगितलं, की तहसील कचेरीत जाऊन, अधिकाऱ्यासमोर, तोंडानं एक शब्द बोलायचा आहे. हो किंवा नाही. कारण द्यायची गरज नाही. घटस्थापनेच्या आधी बोलायला हवं, म्हणजे गाड्यांना तसं शिकवता येईल. उत्तर आलंच नाही, तर नियम गोठलेलाच राहील. मग लोक काय करतील, ते गेल्या खेपेला दिसलंच होतं.

सोपान दोनदा कचेरीत जाऊन आला. पहिल्यांदा साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा साहेब होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, अलकाचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं आणि वाट पाहत राहिले. सोपाननं तोंड उघडलं. हो म्हणायला गेला, तर नाशिक रस्त्यावर झेंडूची पाटी घेऊन निघालेली कुणीतरी बाई दिसली, चकती घरी विसरून आलेली. नाही म्हणायला गेला, तर आपट्याची पानं घेतलेली पोर दिसली. साहेब म्हणाले, "सावकाश." तो उठून बाहेर आला.

शेतांत झेंडू फुलला आहे. मधूचा पहिला तोडा बाजारात आला. सोपाननं फुलं घेतली नाहीत, चौकातलं बाकडंही मांडलं नाही. घटस्थापना परवा आहे. कचेरी उद्या संध्याकाळी बंद होते.

सोपाननं अजून उत्तर दिलेलं नाही.