नाव नसलेल्या पिशव्या

"आज तरी आईच्या कबरीवर येशील ना गं, ताई?..."

हातात शेवंतीची फुलं घेऊन इवोन दारात उभी होती, आणि ओर्नेलाच्या काळजात चर्र झालं! आईच्या अंत्यविधीला ओर्नेला आली नाही, तेव्हापासून सात वर्षं या सख्ख्या बहिणींमधून विस्तव जात नव्हता. वसंतात इवोनच्या लेकीला, निवेसला, रक्ताचा कर्करोग निघाला, आणि त्या दुःखानेच आज, पितरांच्या दिवशी, धाकटीला थोरलीच्या दारी आणलं होतं... आणि आजच नेमकी ओर्नेला कोट चढवून प्रयोगशाळेत निघाली होती!

"नाही गं जमणार," ती कशीबशी म्हणाली. "परवा एका रुग्णाच्या पेशी जाग्या केल्यात. आज नऊला त्यांना विषाणू द्यायचाय."

"पुन्हा तेच! आईला पोचवायलाही तुझ्या पेशीच आडव्या आल्या. पेशींची आई झालीस, आईची लेक काही झाली नाहीस!"

सात वर्षांत ओर्नेलाने ब्र काढला नव्हता. आज मात्र बांध फुटला.

"त्या दिवशी माझी प्रयोगशाळेतली जोडीदारीण तापाने फणफणली होती. वेळ चुकली असती तर एका लेकराच्या पेशी वाया गेल्या असत्या, आणि पुन्हा काढायला त्याच्या अंगात काही उरलंच नव्हतं! रोग पसरवायची ताकद काढलेला तो विषाणू पेशीत शिरतो, तिला कर्करोग ओळखून मारायला शिकवतो... तिकडे तुम्ही आईला उचललंत, आणि इकडे मी मास्कच्या आत रडत हात चालवत होते, इवोन!"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दुसऱ्याच्या लेकराला पुढे करून माफी मागू?"

इवोनने चमकून वर पाहिलं. गेल्याच आठवड्यात निवेसच्या पेशी काढून ओर्नेलाच्याच प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या.

"आजच्या त्या... आपल्या निवेसच्या आहेत?"

"ठाऊक नाही गं. पेशींच्या पिशवीवर नाव नसतं, नुसता आकडा." ओर्नेलाने डोळे पुसले. "म्हणून परवापासून मी सगळ्यांनाच निवेस म्हणतेय."

इवोन हुंदका आवरत पुढे झाली. थोरलीच्या कोटाची बटणं तिने एकेक करून लावली, गळ्याशी मफलर घट्ट केला, अगदी आई करायची तसा.

"पळ आता. साडेआठ वाजले. रात्री जेवायला ये, तोर्तेल्लिनी करते."

"आणि आई?... ती वाट बघत असेल गं."

"तू नको काळजी करूस," इवोनने फुलं छातीशी धरली. "तू कुठे आहेस, ते आईला मी सांगते."