खाऱ्या पाण्यातली जरी

बादलीतलं पाणी हिंदकळलं ते नेमकं योगिताच्या मांडीवरच्या साडीवर. साडी गिऱ्हाइकाची, पदराला लटकन लावायला आलेली. झालं, तिचं डोकं फिरलं आणि तोंडातून घरची बोली निसटली.

"आंधया शे का रे तू?"

बादलीवाला चिडायचं सोडून हसायला लागला. "लिंबायतनी का तू? मी नवागामना." आणि खिशातला रुमाल पुढे केला. "लवकर टिप. खारं पाणी आहे, डाग धरेल."

हा कुंदन. शेठने दुकानाच्या तोंडाशी समुद्री माशांची मोठी काचेची पेटी ठेवली होती. बायका साड्या बघत बसल्या की त्यांची पोरं तिथे रमावीत म्हणून. त्या पेटीचं सगळं बघायला कुंदन दर मंगळवारी यायचा. योगिता दुकानाच्या मागच्या बाजूला बसून जरीची लटकनं करायची. लिंबायत काय, नवागाम काय, दोन्ही खान्देशातून आलेल्यांच्या वस्त्या. पण सगळं मार्केट गुजराती बोलणारं, त्यात आपल्या खान्देशाचं एक वाक्य कानावर पडलं की माणूस विरघळतंच. योगिता तर रुमाल परत द्यायलाच विसरली. विसरली म्हणजे... असो.

मग मंगळवार आला की तिच्या अंगावर नवा ड्रेस. आणि त्याला तहान लागायची ती बरोबर मागच्याच माठाची.

"काय करतेस?"

"दिसत नाही?"

"दिसतंय ना. म्हणून तर उभा आहे."

एकदा त्याने तिच्यासमोरची जरीची दोरी बोटाला गुंडाळली. "ही घेऊ?"

"कशाला?"

"असंच..." म्हणाला आणि दोरी घेऊन, मान खाली घालून निघून गेला. त्या दिवशी योगिताला एक गाठ धड मारता आली नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात काउंटरवरच्या स्वातीच्या वेणीत तसलीच जरीची दोरी.

काळजात कळ उठली, खोटं कशाला बोला. स्वाती परभणीकडची, गोरी, हसली की गालावर खळी. साऱ्या मार्केटला 'भाई' लावणारी ही बया याला मात्र नुसतं 'कुंदन' म्हणायची. त्यात पेटीतले जीव मरायला लागले. आधी गोगलगायी गेल्या, मग लाल कोळंबी, मग मासे खाणं सोडून धापा टाकायला लागले. प्रत्येक वेळी स्वाती फोन लावणार, "कुंदन, अजून एक गेला रे," आणि हा धावत येणार. मग दोघं काचेला नाक लावून उभे. योगिताला वाटायचं, हीच मारत असेल मासे, याला बोलवायला. असा विचार केल्याची लाज वाटायची, पण विचार काही जायचा नाही.

"हल्ली काचेपाशीच मुक्काम असतो म्हणे," एकदा न राहवून ती बोलली.

कुंदनचा चेहरा उतरलेला होता. "मीठ बरोबर आहे, पाणी स्वच्छ, गारवाही हवा तेवढा. तरी मरतायत. शेठ म्हणाला, आता आणखी एक मेला तर दुसरा माणूस बघतो."

"अरेरे. स्वाती रडेल बिचारी."

"स्वाती?" तो बघतच राहिला.

योगिताने दोरा एवढ्या जोरात ओढला की तुटला. तोंडाने टोमणा मारला खरा, पण मनात वेगळंच होतं. दुसरा माणूस आला तर हा परत कशाला येईल इकडे?

दुसऱ्या दिवशी पिवळा मासा आडवा झाला. जेमतेम श्वास चाललेला. कुंदनने पेटीखालचं कपाट उघडून पाणी गाळायचं सगळं सामान बाहेर काढलं. स्वाती शेजारी उभी. योगिता मागे बसून किती धीर धरणार? आली पुढे. कुंदनच्या हातात कोळशाची ओली पिशवी होती. पाणी तिच्यातून गाळलं जायचं. पिशवीचं तोंड जरीच्या दोरीने बांधलेलं, आणि दोरी हिरवीगार पडलेली.

"ही पाण्यात घातलीस?" योगिताने दोरी चिमटीत धरली. "अरे, धातूची जरी आहे ही. आत तांब्याची तार असते."

"तांबं?" कुंदन मटकन खाली बसला. "मला वाटलं, प्लास्टिकला सोनेरी रंग दिलाय. या जिवांना तांबं म्हणजे विष गं. आधी गोगलगाय जाते, कोळंबी जाते... तसंच झालं ना."

मासे त्याला ठाऊक, जरी हिला. एकमेकांना विचारलं कुणी नव्हतं.

"पण जरीच कशाला? साधा दोरा मिळाला नाही?"

तो पिशवीकडे बघत हळूच म्हणाला, "दर खेपेला सोडताना हात लागस... तुनी आठवण येस माले."

"आठवण येस त मासा मारशी का?" ती म्हणाली, पण आवाज कुठला चढतोय. मग स्वातीच्या वेणीकडे बोट केलं. "आणि ती?"

"ही मी तुझ्या कचऱ्याच्या डब्यातून उचलली," स्वाती म्हणाली. "आणि हा माझ्या धाकट्या भावाबरोबर शिकला, याला काय भाई म्हणू? यासाठी बोलत नव्हतीस होय माझ्याशी?"

योगिताला तोंड कुठे लपवू असं झालं. तेवढ्यात शेठ आले.

"भूल माझी, शेठ," कुंदन उठून म्हणाला. "या दोरीमुळे मेले. मीच बांधली."

शेठने दोरी बोटांत फिरवली. "आ दोरी कोनी छे? दुकानातून उचलली?"

 चोर ठरला तरी योगिताचं नाव घ्यायचा नाही, हे कुंदनच्या तोंडावरच दिसत होतं. आणि नाव निघालं तर? पलीकडच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालणारी, लिंबायतचीच उषामावशी संध्याकाळपर्यंत अख्ख्या लिंबायतला सांगून मोकळी झाली असती. योगिता पुढे झाली.

"माझी आहे," ती म्हणाली. "मीच दिली. त्याने आठवण म्हणून बांधली."

"कोनी याद?"

"माझी."

साड्या बघणाऱ्या बायकांचे हात थांबले. शेठने तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग आडव्या माशाकडे. "मग पाणी बदल ने, भाई. शूं जुए छे, बघतोस काय?"

कुंदनने बादली उचलली. दुसऱ्या बाजूने योगिताने धरली. नळापाशी तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत तुझ्या घरी कळेल."

"कळू दे. पण मावशीच्या आधी तू पोच. आईला घेऊन ये."

"आजच?"

"मग कधी? स्वाती वरमाला घेऊन आल्यावर?"

"अजून जळतेस?"

"जळते. जळणारच."

कुंदनने ओले हात शर्टाला पुसले आणि घरी फोन लावला. "माय, चांगली साडी नेस. लिंबायतले जानं शे."