सेकंदाचा तिसरा हिस्सा

"तिन्ही एकावर एक ठेवा," यशोधरा म्हणाली.

डॉ. निखिलेश पाध्ये यांनी कळ दाबली. पडद्यावरच्या हिरव्या, निळ्या आणि केशरी रेषा सरकत सरकत जवळ आल्या आणि त्यांची जवळजवळ एकच रेषा झाली. तीन विमानं, तीन विद्यार्थी, तीन वेगळे दिवस. तरी शेवटचं वळण इतकं सारखं होतं, की एकाच माणसाने ते तीनदा घेतलं असावं.

कॅप्टन यशोधरा निंबकर कारवंडच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्राची मुख्य प्रशिक्षक होती. गेल्या सात आठवड्यांत तिचे तीन विद्यार्थी धावपट्टीपासून दीड किलोमीटरच्या आत कोसळले होते. प्रणीत भंगाळे आणि लेखा चोपडे जागीच गेले. शबनम तडवी तेवढी वाचली होती, मांडीचं हाड मोडून जिल्ह्याच्या इस्पितळात पडून होती. तिसऱ्या अपघातानंतर केंद्राला टाळं लागलं आणि उरलेली एकोणचाळीस मुलं घरी गेली.

चौकशी समितीने दोष विद्युत मोटरवर ठेवला. खानदेशातल्या उन्हात बॅटऱ्या तापत आणि संरक्षक विद्युतमंडल तीन सेकंदांपुरती शक्ती तोडत असे. समितीचं म्हणणं खोटं नव्हतं, पण यशोधराचं त्याने समाधान झालं नव्हतं.

"तीन सेकंद मोटर मंदावली म्हणून कुणी मरत नाही, डॉक्टर. नाक खाली करायचं, सरळ जायचं आणि तीन आकडे मोजायचे. मोटर परत येते. नाही आली तर समोर अख्खं माळरान पडलंय. ही मुलं मेली ती वळली म्हणून."

"वळल्याने नेमकं काय होतं?" पाध्यांनी विचारलं. ते मेंदूशास्त्रज्ञ होते, विमानविद्येतलं त्यांना बेताचंच कळत असे.

"उड्डाण केल्या केल्या विमानाचा वेग कमी असतो. त्यात मोटर गेली की आणखी घटतो. अशा वेळी विमान कलतं केलं, तर खालच्या पंखाला उचल मिळत नाही. तो पंख पडतो, मग नाक पडतं. सहाशे फुटांवरून सावरायला जागाच नसते. पण मागे धावपट्टी असते ना. घाबरलेल्या माणसाला तिकडेच जावंसं वाटतं. म्हणून पहिल्या दिवसापासून मी एकच गोष्ट घोटून घेते, की वळायचं नाही. या तिघांनाही ते पाठ होतं."

आदल्या दिवशी ती शबनमला भेटून आली होती. पोरगी छताकडे बघत बोलत होती. "मॅडम, मला सगळं आठवत होतं. सरळ जायचं हे मी मनात म्हणतही होते. पण माझं म्हणून होण्याआधीच हात वळून गेला होता. तो हात माझा वाटतच नव्हता."

हे ऐकूनच यशोधराने तिन्ही उड्डाणांच्या रेषा मागवल्या होत्या. त्या मुलांच्या हातांत आणखी कुणाचा हात असणं शक्य होतं, आणि तो कुणाचा हे तिला ठाऊक होतं.

वर्षभरापूर्वी पाध्यांनी 'प्रतिक्षेपमुद्रा' तयार केली होती. कसलेला वैमानिक संकटात विचार करून हात हलवत नाही, हात आधी हलतो. ही हाताची शहाणीव कमवायला हजारो तास लागतात. पाध्यांनी यशोधराच्या डोक्यावर संवेदनटोप चढवला आणि तिच्या दोनशे उड्डाणांत मेंदूकडून हातापायांकडे जाणारे संदेश टिपून घेतले. वादळी वारा, घसरती चाकं, अचानक बंद केलेली मोटर, सगळं त्यात आलं. मग त्याच टोपातून ते संदेश विद्यार्थ्यांच्या मेंदूत अकरा दिवसांच्या बैठकांमधून उमटवले. आडव्या वाऱ्यात तीन महिने धडपडणारी मुलं महिन्याभरात अलगद विमान टेकवू लागली. परदेशातून लोक बघायला आले होते.

"मोटर गेल्याचा माझ्या मेंदूचा मूळ आलेख दाखवा," ती म्हणाली. "मुलांना दिलेला नको, आधीचा. न कापलेला."

"कापलेला म्हणजे फक्त पहिला सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतलाय. प्रतिक्षेप तेवढ्यातच संपतो. त्यापुढे विचार सुरू होतो, आणि विचार ज्याचा त्याचा असतो. तो उमटवण्यात अर्थ नाही."

बोलता बोलता त्यांनी पूर्ण आलेख उघडला. दोघंही वाकून बघू लागले. मोटर बंद पडल्यावर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात यशोधराच्या मेंदूतून एक उंच, धारदार लाट उठली होती आणि दंडाच्या स्नायूंकडे धावली होती.

"हा संदेश काय सांगतोय?"

पाध्यांनी दोनदा ताडून पाहिलं. "डावीकडे वळ," ते हळूच म्हणाले.

"शक्य नाही. मी आयुष्यात कधी वळले नाही."

"पुढे बघा." सेकंदाच्या दोन पंचमांशावर दुसरी लाट होती. पहिलीपेक्षा बुटकी पण रुंद. ती पहिलीवर जाऊन पडली आणि पहिली विरून गेली. "हात हलायच्या आत तुम्ही स्वतःला आवरलंत. दर वेळी आवरलंत. तुम्हाला ते कळतसुद्धा नसणार."

यशोधरा खुर्चीत बसली. पंचवीस वर्षं ती समजत होती, की आपल्याला तशी भीती वाटतच नाही.

"म्हणजे माझं कसब त्या दुसऱ्या लाटेत आहे."

"हो. आणि मी कात्री लावली ती बरोबर दोन्हींच्या मधे." पाध्यांनी चष्मा काढला. "आपण त्यांना तुमचा आवेग दिला आणि आवर दिलाच नाही. नवख्याचा आवेग मंद असतो, त्याला शब्दाने थांबवता येतं. तुमचा विजेसारखा आहे."

मग यशोधराने विचारलं, "पुसता येईल?"

"नाही. त्यावर दुसरी मुद्रा चढवता येईल. आवराचा भाग स्वच्छ टिपायला हवा, जुन्या आलेखात तो अर्धवट आलाय. आणि आभासी विमानात तो सापडणार नाही. भीती खरी असल्याशिवाय पहिली लाट उठत नाही, आणि ती उठली नाही तर दुसरीला काही काम नाही."

"मग खरं उड्डाण करू. घाई करायला हवी. घरी गेलेल्यांतल्या सात जणांनी दुसऱ्या केंद्रांत अर्ज केलेत."

एका विमानापुरती परवानगी मिळायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी यशोधरा एकटीच विमानात बसली. डोक्यावर संवेदनटोप होता. मोटरची शक्ती तोडायची कळ खाली पाध्यांजवळ होती. ती कधी दाबली जाईल हे तिला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

पहिल्या दोन फेऱ्या नुसत्याच गेल्या. तिसऱ्या उड्डाणात विमान साडेपाचशे फुटांवर पोहोचलं आणि मोटर गप्प झाली.

नाक खाली, सरळ, असं तिच्या मनात आलं. त्याच वेळी क्षितिज तिरकं होताना तिला दिसलं. क्षणभर वाटलं वाऱ्याने केलं. मग लक्षात आलं, की सुकाणू डावीकडे फिरलेलं आहे आणि ते आपल्याच हाताने धरलेलं आहे. डाव्या काचेत केळीची बाग भरली. एकेक पान वेगळं दिसू लागलं. विमान थरथरलं. पंख पडण्याआधीची ही थरथर तिने शेकडो विद्यार्थ्यांना ओळखायला शिकवली होती. ती सुकाणू उजवीकडे ओढू पाहत होती, पण हात ऐकायला तयार नव्हता. प्रणीतने हेच पाहिलं असणार, एवढं तिला त्या क्षणी समजलं.

मोटर घुमली. विमान कलताना दिसताच पाध्यांनी कळ सोडली होती. शक्ती परत आली, हाताची मूठ सैल झाली आणि विमान केळीच्या शेंड्यांपासून साठ-सत्तर फुटांवर असताना पुन्हा वर निघालं.

उतरल्यावर ती थेट प्रयोगशाळेत गेली. पाध्यांनी नवा आलेख आधीच उघडला होता. त्यांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता.

"आवर आला होता," ते म्हणाले. "अगदी वेळेवर, दोन पंचमांशावर. पूर्वी होता तेवढाच. पण पहिली लाट बघा. दुपटीहून उंच आहे. दुसरी तिला पुरी पडली नाही, तिच्यातच बुडाली; मुलांना देण्याइतकी स्वच्छ वेगळी काढता येणार नाही."

"दुप्पट कशी होईल?"

पाध्यांनी टोपाकडे बोट केलं. तेव्हा तिचं तिलाच आठवलं. मुद्रा मुलांना देण्याआधी ती बरोबर उमटते का हे पाहायचं होतं. त्यासाठी टोप आधी कुणाच्या डोक्यावर ठेवायचा हा प्रश्न नव्हताच. ज्याची मुद्रा, त्याच्यावरच ताडून बघणं सोपं होतं. अकरा दिवस ती स्वतः त्या खुर्चीत बसली होती. तिचाच आवेग तिच्यावर दुसऱ्यांदा चढवला गेला होता आणि आवर मात्र जुनाच राहिला होता. गेलं वर्षभर ती तशीच उडत होती. या वर्षात कमी उंचीवर तिची मोटर कधी गेली नाही, म्हणून ती जिवंत होती.

"बाकीचे पाच प्रशिक्षक?" तिने विचारलं.

"सगळ्यांनी घेतलीय."

त्या संध्याकाळी ती इस्पितळात गेली. शबनमचे अब्बू बाहेर बाकावर बसले होते, त्यांनी उठून तिला जागा करून दिली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. आत जाऊन तिने शबनमला सगळं सांगितलं. मधे थांबली नाही, काही सौम्य केलं नाही.

"तो हात माझा होता, शबनम."

शबनमने तिच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता तुमचाही तसाच झाला?"

"हो."

"मग आपण दोघी एकाच वर्गात." ती हसली नाही. "यातून बाहेर कसं यायचं ते तुम्ही आधी शिका. मग मला शिकवा."

दुसऱ्या दिवशी यशोधरा पाध्यांसमोर बसली. "माझ्या आवेगाला माझ्याच मापाचा आवर लागेल, बाहेरच्याचा चालणार नाही, आणि माझा आता पुरा पडत नाही. म्हणजे तो नव्याने कमवावा लागेल. कसा?"

"जसा तुम्ही पहिल्यांदा कमावलात. भीती वाटली आणि हात वळला नाही, हे मेंदूला पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे. दोनशे वेळा, कदाचित तीनशे. पण तुमचा हात वळणारच. सुकाणूला अडसर लावला तर?"

"वाऱ्याचा झोत आला तर सावरायचं कशाने? 'सोडा' म्हटलं की सोडणारा अडसर हवा. म्हणजे शेजारच्या खुर्चीत माणूस हवा."

"बाहेरून चांगला प्रशिक्षक बोलवू."

"तुमचाच आलेख बघा, डॉक्टर. चांगल्या प्रशिक्षकातही पहिली लाट डावीकडेच जाते. तो आवरेल, पण त्याआधीच्या क्षणात त्याची पकड सैल पडेल आणि माझा हात पुढे गेलेला असेल. ज्याने कधी सुकाणू हातात धरलं नाही, ज्याच्या हाताला कुठे वळायचं हेच माहीत नाही, असा माणूस घाबरला की काय करतो?"

"गोठतो," पाध्ये म्हणाले. "हातात असेल ते घट्ट आवळून धरतो आणि…"

वाक्य तिथेच राहिलं. कारवंडला ते नेहमी रस्त्याने येत. प्रवासी विमानातसुद्धा ते कधी बसले नव्हते, आणि त्यांनी ते कुणापासून लपवलं नव्हतं.

"केंद्रात तसे तुम्ही एकटेच आहात," यशोधरा म्हणाली. "मी जबरदस्ती करणार नाही."

ते उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कळ कोण सांभाळेल?"

सोमवारी सकाळी दोघं विमानात चढले. ती डाव्या खुर्चीत, ते उजव्या. तिने त्यांचा पट्टा स्वतः आवळला. कळ खाली तंत्रज्ञांकडे होती. धावपट्टी संपली, जमीन खाली गेली, तसे पाध्यांनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ कानामागे उतरला. तीनशे फूट झाले, चारशे झाले, पाचशे झाले.

मोटर गप्प झाली.

तिचा हात डावीकडे गेला. या वेळी तो जाताना तिला कळला, आणि सुकाणू जागचं हललं नाही. शेजारच्या माणसाच्या दोन्ही मुठी त्यावर दगडासारख्या बसल्या होत्या. डोळे अजून मिटलेलेच होते, दात एकमेकांवर दाबलेले होते. तिचा हात ओढत होता, त्यांचा सोडत नव्हता. क्षितिज आडवंच राहिलं. समोर माळरान पसरलं होतं.

"एक," यशोधरा मोजू लागली. "दोन. तीन."

मोटर घुमली. तिच्या हातातला ताण हळूहळू उतरला.

"सोडा, डॉक्टर."

त्यांना मुठी उघडायला वेळ लागला. बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्यांनी डोळे किलकिले केले, खाली पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

"झाली एक," ते म्हणाले. आवाज जेमतेम फुटत होता. "आणखी किती म्हणालो होतो मी?"

"दोनशे. कदाचित तीनशे. मग शबनमची पाळी. मग पाच प्रशिक्षक आणि उरलेले एकोणचाळीस."

पाध्यांनी हात पुन्हा सुकाणूवर ठेवले, आणि तिने विमान धावपट्टीकडे वळवलं.