परतीची वाट

चंद्रावरच्या रोहिणी वसाहतीत बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांना बंदी होती. बंद घुमटात बॅटरीनं पेट घेतला तर पळायला जागा नव्हती. म्हणून रघुवीर मेस्त्री लाकडात खाच पाडणारा राउटर वायरवरच चालवत. बांबूच्या फळीतून शाळेचे बाक बनत होते. त्यांची बायको कल्याणी छताला टांगलेला पोलादी शोषक-पाईप धरून भुसा ओढत होती.

फळीच्या टोकाशी वायर घसरून खाली आली आणि फिरत्या पात्यात सापडली. पात्यानं ती सोलली, गुंडाळून घेतली आणि मेस्त्रींचं डावं मनगट राउटरच्या ॲल्युमिनियमच्या अंगाशी करकचून आवळलं. मोटर घुरघुरून थांबली.

"अहो!" कल्याणी पाईपसकट पुढे झाली.

"कल्याणी, थांब! त्यांना हात लावू नकोस!" भिंतीवरच्या ध्वनिवर्धकातून विद्युत-अभियंता यमुना देवधर ओरडल्या. नियंत्रण कक्षातून त्यांना सुतारशाळा दिसत होती.

कल्याणी जागीच थिजली. दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

"मॅडम, मला झटका बसला नाही," मेस्त्री म्हणाले. "उघडी तार मनगटाला आणि राउटरच्या अंगाला लागलीय, तरी काही नाही."

"बसणारच नाही. पृथ्वीवर वीज तुमच्या अंगातून जमिनीत शिरली असती आणि जमिनीतून जनित्राकडे परत गेली असती. इथली माती कोरडी ठणठणीत, ती वीज वाहत नाही. म्हणून आपण दोन्ही तारा अधांतरी ठेवतो, कशालाच न जोडता. एका तारेला हात लागला तर विजेला परतीची वाट नसते."

"मग भीती कसली?" मेस्त्रींनी विचारलं.

"पाईपच्या यंत्रात दुसरी तार उघडी पडून पाईपला टेकलीय. तीन दिवस झाले. कुणाला काही होत नव्हतं, म्हणून मी दुरुस्ती पुढे ढकलली. पहिली तार आता तुमच्या अंगाला आहे, दुसरी कल्याणीच्या. एकमेकांना शिवलात तर वाट पूर्ण होईल. तुमच्या दोघांच्या छातीतून."

कल्याणीनं हातातल्या पाईपकडे पाहिलं. "मी पाईप सोडते."

"नको! त्याची स्प्रिंग मेजाकडे ओढते. सुटला तर सरळ मेस्त्रींवर येईल. घट्ट धर. मी मुख्य कळ बंद करायला जाते. दोन मिनिटं!"

ध्वनिवर्धक गप्प झाला. प्लग कल्याणीच्या पलीकडे, भिंतीत होते. तिथवर कुणाचाच हात पोचत नव्हता, आणि तिथून आलेली वायर ताणली गेल्यानं मेस्त्रींना बाजूलाही होता येत नव्हतं. मेस्त्रींनी मनगट सोडवायला जोर लावला. वायर अधिकच रुतली.

"अहो, हात भरून आला." कल्याणीच्या कोपराला कंप सुटला होता. पाईप बोटभर पुढे सरकला. तिनं तो मागे ओढला, तो पुन्हा सरकला.

"माझ्याकडे बघ. मोज, मोठ्यानं मोज."

"एक... दोन... घाम आलाय हो, निसटतोय!"

पाईपचं तोंड मेस्त्रींच्या छातीच्या रोखानं येत होतं. वीज वाट शोधते, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. वाट माणसातूनच गेली पाहिजे असं मात्र बाई म्हणाल्या नव्हत्या.

"कल्याणी, डोळे मीट. मी सांगितलं की सोड."

"नाही! तुम्हाला लागेल!"

मेस्त्रींनी दोन्ही हातांनी राउटर उचलला, छातीपुढे ढालीसारखा धरला आणि बोटं मागच्या बाजूला घेतली.

"सोड!"

पाईप झेपावला. धातूवर धातू आदळला. निळा लोळ उठला, कानठळ्या बसल्या, भिंतीतला फ्यूज फुटला. दोन्ही यंत्रं निर्जीव झाली.

दार उघडून यमुनाबाई धापा टाकत आत आल्या. "काय झालं? मी अजून कळीपर्यंत पोचलेच नव्हते!"

"परतीची वाट हवी होती ना तिला?" मेस्त्री म्हणाले. "धातूतून करून दिली."

यमुनाबाईंनी दोन्ही प्लग उपटले, वायर कापून मनगट मोकळं केलं. "आता काही भीती नाही," त्या म्हणाल्या. पण तीन दिवस हेच त्या स्वतःला सांगत होत्या हे आठवून त्यांनी उपटलेले प्लग पुन्हा एकदा तपासले.

कल्याणीनं हात पुढे केला. मेस्त्री झटकन मागे सरले. पाठ भिंतीला टेकली तरी ते मागेच सरकत होते. मग तिनंच रडत रडत त्यांचा हात धरला, आणि दोघांनीही डोळे गच्च मिटून घेतले.