उजव्या पाकळीचं कार्ड

म्हापशाहून पेडण्याला जाणाऱ्या बसमध्ये शेजारचा तरुण माझ्याकडे नाही, माझ्या मांडीवरच्या खोक्याकडे टक लावून बघत होता. इतक्या प्रेमाने बघण्यासारखं त्यात काय होतं? साधं डिस्क कंट्रोलर कार्ड!

"ह्यां कोणी निवडल्यान?" शेवटी त्याने विचारलंच.

"देवान," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. मी सिद्धी, पार्सेच्या वाचनालयात काम करते. थंडीतल्या रात्री ओळीने नाचत बायकांनी बारा वर्षं गायलेली ढालोची गाणी मी आमच्या कंप्युटरच्या चार डिस्कमध्ये साठवली होती, आणि त्या डिस्क कंप्युटरला जोडणारं कार्डच जळालं. दुकानदाराने दोन कार्डं सुचवली. घरात एकमत होईना, तेव्हा बाबांनी सरळ देवळात कौल लावला. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेका कार्डाच्या नावाने ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली, हे कार्ड ठरलं.

"देवाक विचारल्यात तां बरां केल्यात," तो हसू दाबत म्हणाला. "पण कंप्युटरात सिस्टीम खंयची?"

"फ्रीबीएसडी."

"मगे तिकाय विचारूक होयां होतां. तिका चलतत त्या कार्डांच्या यादीत ह्यां बसणा नाय. खोक्यावरचां नाव बघू नये, आतली चिप वाचूची."

राग आला मला. पण खिडकीतून पिकल्या काजूंचा वास येत होता, हसताना त्याच्या गालाला खळी पडत होती, आणि... राग काही नीट जमेना. उतरता उतरता त्याने खोक्यावर नंबर लिहून दिला. गौरेश, कारापूरचा, डिचोलीच्या एका कॉलेजात कंप्युटर लॅब सांभाळणारा. पार्सेलाच मावशीकडे चालला होता.

"आणि ह्या कार्डान काय विचारलां तर 'हो' म्हणा नकात!"

मी कसली ऐकते! वाचनालयात पोचले तशी कार्ड बसवून मोकळी झाले. पडद्यावर प्रश्न आला — डिस्क अनोळखी आहेत, पुसून नव्याने मांडायच्या का? बोट 'हो'वर गेलंसुद्धा... आणि त्याचे शब्द आठवले. ढालोत पहिली ओळ उचलणाऱ्या यशोदाकाकीचा आवाज त्या चार डिस्कमध्येच होता, दुसरीकडे कुठेही नाही. तिचं वर्षश्राद्ध सतरा दिवसांवर आलं होतं, आणि त्या दिवशी तिचं गाणं ऐकवायचा शब्द मी वाड्यावरच्या बायकांना दिला होता. मी खोक्यावरचा नंबर बघून फोन लावला.

दहा मिनिटांत तो दारात, धापा टाकत. त्याने 'नाही' दाबलं. मग आम्ही दोघांनी चारही डिस्क काढून कपाटात ठेवल्या.

"आता साधां कार्ड होयां," तो म्हणाला. "मधी लुडबूड करणा नाय असां. डिस्क जशी आसा तशी दाखवणारां."

"माणसां गावतत काय हो अशी?"

"यादीत... बघूक होयां," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मग सुरू झाली कार्डाची निवड. एक दिवसाआड स्कूटरवरून स्वारी हजर. हे कार्ड तापतं. त्याच्या चिपचा भरवसा नाही. मी नीरो, काजूचा गोड रस, पुढे करायची, तो पेला घेताना बोटांना बोटं लागायची, आणि यादीतली ओळ दोघांचीही हरवायची. 'तुमका'चं 'तुका' कधी झालं, कळलंच नाही. मला तो आवडत होता — खूप आवडत होता.

वर्षश्राद्धाला दोन दिवस उरले तेव्हा त्याने पिशवीतून एक कार्ड काढलं. बसवलं. पडद्यावर एक डिस्क दिसली, दुसरी... तिसरी... मी बोटांवर मोजत होते. चौथी! आणि स्पीकरमधून यशोदाकाकी गायला लागली. माझे डोळे भरून आले.

"खंय गावलां ह्यां?"

"लॅबच्या कपाटात होतां."

"कधीपासून?"

त्याने मान खाली घातली. "आधीपासूनच. बसमध्येच सांगलंय आसतंय तर... मगे खंयच्या निमतान इलंय आसतंय?"

"गौरेश! आणि माझो जीव टांगणीक लागलेलो तो?"

"डिस्क कपाटात सुखरूप होत्यो गो. नायतर एक दिसय थांबलंय नसतंय."

चांगलं झापायला हवं होतं त्याला. पण हसूच आलं.

"म्हणजे देव चुकलो नाय," दारातून आवाज आला. बाबा कधीपासून उभे होते, कोण जाणे! "दुसरां कार्ड पडलां आसतां तर ह्यो गावलो आसतो? चला, आता तुमच्या दोघांचोय कौल लावया."

गौरेशचा चेहरा उतरला. "आणि... डावी पडली, देव नको म्हणालो तर?"

"कौल नको, बाबा," मी म्हणाले, आणि बाबांच्या समोरच त्याचा हात धरला. "ह्याची आतली चिप मी वाचलंय."