राहिलेली अकरा पानं

दर दुसऱ्या शनिवारी वाचनालयातून दोन चिठ्ठ्या यायच्या. एक ईश्वरी डुबल यांच्या नावची, दुसरी निहार डुबल यांच्या नावची. निहारला जाऊन चौदा महिने झाले होते.

कऱ्हाडात याचं कुणालाच नवल नव्हतं. २०८१ साल सरत आलं होतं आणि 'पश्चात सभासद' ही भानगड एव्हाना सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. माणूस गेला आणि घरच्यांनी त्याचं खातं बंद केलं नाही, तर पंधरवड्यामागून पंधरवडा त्याच्या नावची चिठ्ठी येत राही. हा माणूस आज असता तर त्यानं हे पुस्तक उचललं असतं, एवढाच तिचा अर्थ. बरेच लोक दिवसकार्य उरकलं की जाऊन सही करून यायचे. ईश्वरीही गेली होती, पण वाचनालयाच्या दारातून परत आली.

हे सगळं चालायचं रुचिरेषेवर. वाचताना मनगटाला एक फीत बांधायची. डोळा कुठं रेंगाळला, श्वास कुठं अडला, कुठली पानं भराभरा उलटली, सगळं ती फीत मुकाट टिपून घेते. पुस्तक संपलं की त्या सगळ्याचं मिळून एक टिंब पडतं. अशी टिंबं जोडत गेलं की त्या वाचकाची रेषा तयार होते. आता आवड म्हणजे माणसाची लहर, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो, आणि ते साफ खोटं निघालं. तीनशेएक टिंबं झाली की रेषा पुढं कुठं वळणार याचं गणित मांडता येतं, आणि ते गणित चुकत नाही. म्हणून तर तालमीतल्या वस्तादांना चिठ्ठीनं जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक दिलं आणि ते लाल मातीत मांडी घालून ढसाढसा रडले. शेवडे गुरुजींनी उभा जन्म पोथ्यांखेरीज काही वाचलं नव्हतं. त्यांना बेडकांवरचं पुस्तक मिळालं, आणि गुरुजी सकाळ-संध्याकाळ नाल्यावर दिसायला लागले! कपाटांमधून भटकायचं, पहिलं पान चाळायचं, शेवटचं चोरून बघायचं, पुस्तक बरं निघेल की वाईट याची धाकधूक घेऊन घरी यायचं, हे आता कुणी करत नव्हतं.

ईश्वरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. हयात उसाच्या रसाचा गोडवा मोजण्यात गेली. निहार मोजणी खात्यात, साखळ्या आणि खांब घेऊन रानोमाळ हिंडणारा. दोघांचं सगळ्यात जमायचं. आमटीत गूळ किती, पंखा किती, लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, कशातच कुरबुर नाही. पुस्तकांवरून मात्र रोज जुंपायची. तिला लागायच्या रहस्यकथा, भुताच्या गोष्टी आणि पाककृतींची पुस्तकं, तीसुद्धा कादंबरीसारखी पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याला लागायची प्रवासवर्णनं, दर्यावर्दी लोक, मिठाचा इतिहास, वाळवंटांचा इतिहास.

"सहाशे पानं नुसती वाळू!" ती म्हणायची.

"आणि तुझ्यात काय? एक प्रेत पडलंय आणि बाकीचे चहा पीत बसलेत," तो म्हणायचा.

चाळीस वर्षांत दोघांनाही आवडलं असं एक पुस्तक नाही. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दोघं मुद्दाम वाचनालयात गेले, डॉक्टर झोया शिकलगारकडे. झोया तिथली रुचिशास्त्रज्ञ. तिशीतली, मिरजेची, भराभर बोलणारी पोरगी. तिनं दोघांच्या रेषा पडद्यावर एकत्र मांडल्या आणि बोट ठेवून म्हणाली, "हे बघा. दोन रेषा कधीकधी एकमेकींना कापतात. त्या जागेला आम्ही छेद म्हणतो. त्या पंधरवड्यात एकच पुस्तक दोघांच्याही वाट्याला येतं, आणि दोघांना सारखंच आवडतं. पार काठोकाठ. तुमचा छेद आहे, काकू. एकच आहे. जानेवारी २०८३."

"म्हणजे आपला प्रीतिसंगमच की गं!" ईश्वरी म्हणाली. कऱ्हाडचं माणूस दुसरं काय म्हणणार? कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, हे तिनं कळत्या वयापासून बघितलेलं.

"नाही काकू, संगम नव्हे. संगमानंतर नदी एकच होऊन वाहते. इथं रेषा भेटतात आणि पुढं पुन्हा वेगळ्या होतात."

"पुस्तक कुठलं ते तरी सांग."

"ते सांगता येत नाही. नाव कळलं की माणूस वाट बघायला लागतो, आणि वाट बघण्यानंच रेषा वाकते."

"एवढं थांबलोय, आणखी तीन वर्षं थांबू," निहार म्हणाला. "पण खून असेल त्यात तर मी वाचणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

दहा महिन्यांनी, ऑक्टोबरात, सकाळी चहा पिता पिता तो गेला. कप हातातच होता.

त्यानंतर ईश्वरीनं स्वतःच्या चिठ्ठ्या बाजूला सारल्या. ती निहारची पुस्तकं आणायला लागली. प्रवाळ बेटं, लोकरीच्या वाटा, दक्षिण समुद्रात अडकलेली जहाजं. पहिल्या दोन पुस्तकांना तिला अक्षरशः डुलक्या आल्या. तिसऱ्यात एका खलाशानं उपासमारीच्या दिवसांत आईच्या हातच्या रश्श्याची आठवण लिहिलेली होती, तिथं ती अडकली. मग अडकतच गेली. निहार या पानावर चष्मा कपाळावर सरकवून 'ऐक, ऐक' म्हणाला असता आणि मी कंटाळून आत निघून गेले असते, हे तिला पानोपानी कळायचं. तेव्हा का नाही ऐकलं, या विचारानं जीव नुसता तुटायचा. पण तो जवळ असल्यासारखंही वाटायचं, आणि तेवढ्यासाठीच ती वाचत होती. छेदाला आता वर्ष राहिलं होतं. त्या एका पुस्तकावर तिनं सगळा जीव लावला होता.

डिसेंबरात ती झोयाकडे गेली. "किती जवळ आलं गं, बघ जरा."

झोयानं रेषा उघडल्या. निळी निहारची, तांबडी ईश्वरीची. तांबडी आपली वाट सोडून वळली होती आणि निळीच्या शेजारून चालली होती.

"काकू, छेद गेला."

"गेला म्हणजे? कुठं गेला?"

"तुम्ही काकांची पुस्तकं वाचत गेलात. तुमची रेषा त्यांच्या मागून चालायला लागली. आता दोन्ही रेषा लगतच्या लगत जाणार, पण कापणार नाहीत. कधीच."

"अगं पण जवळ तर आले ना मी?"

"जवळ आलात, पण शेजारून. समोरून आला असतात तर भेट झाली असती." झोयाचा आवाज उतरला. "काकांची रेषा आता नुसतं गणित आहे, चिठ्ठी निघाली की टिंब आपोआप पडतं. ती कुणासाठी वाकणार नाही. वाकू शकता त्या तुम्हीच."

"जिवंत होता तेव्हा तरी कुठं वाकला मेला?" ईश्वरी म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. झोयानं पाण्याचा पेला पुढं केला. तो तिनं हातात नुसता धरून ठेवला.

मार्ग एकच होता. निहारची पुस्तकं सोडायची. तो असता तर ती जे वाचत बसली असती, तेच वाचायचं. स्वतःच्या चिठ्ठ्या, स्वतःची प्रेतं आणि चहा. वर्षभर तसं केलं तर तांबडी रेषा परत तिच्या वाटेला लागण्याची शक्यता होती. म्हणजे एका पुस्तकात त्याला भेटायचं, तर वर्षभर त्याच्याकडं पाठ फिरवायची. ईश्वरी घरी आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पुण्याहून लेकीचा फोन आला तो पण घेतला नाही. तिसऱ्या दिवशी अर्धं राहिलेलं जहाजाचं पुस्तक तिनं वाचनालयात नेऊन दिलं. ते जहाज सुटलं की बुडालं, तिला कळलं नाही.

ते वर्ष फार जड गेलं. निहारच्या चिठ्ठ्या येत, ती वाचून फ्रिजच्या दाराला लावी आणि पुस्तक आणत नसे. आज तो उंटांबद्दल वाचतोय. आज होकायंत्राबद्दल. इकडं तिच्या हातात रहस्यकथा, आणि तिला खुनी कोण याच्याशी काडीचं देणंघेणं उरलेलं नाही! पण फितीला फसवता येत नाही, मनापासून वाचावं लागतं. वाचता वाचता जुनी खोड हळूहळू परत आली. गणपतीच्या सुमारास एका गोष्टीत विहिरीतून हात वर आला तेव्हा ती दचकली, आणि आपण दचकलो याचंच तिला बरं वाटलं. दिवाळीत झोयाचा फोन आला. "काकू, तांबडी वळली. छेद परत आलाय, त्याच जागी."

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी दोन चिठ्ठ्या आल्या. दोन्हींवर एकच नाव होतं.

पुस्तक पशुसंवर्धनाच्या कपाटात होतं. तिच्या रहस्यकथांपासून तीन कपाटं पलीकडं. तिथं दोघांपैकी कुणी उभ्या जन्मात फिरकलं नव्हतं. खटाव-माणच्या बाजूला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या एका माणसाच्या आठवणी होत्या त्या. साठ वर्षांपूर्वी छापलेल्या, कव्हरवर म्हशीचा फोटो. ईश्वरीला क्षणभर वाटलं, गणित चुकलं. पण चुकलं नव्हतं. हा माणूस गावोगाव हिंडत होता, त्यामुळं वाटा होत्या, माळ होते, पायाखालची माती होती. आणि दर गावात एक कोडं होतं. गाय खात का नाही, बैल बसतो तो उठत का नाही, आणि मुकं जनावर तर काही सांगत नाही. एक म्हैस रेडिओवरच्या बातम्या सुरू झाल्याशिवाय पान्हाच सोडायची नाही. कंपाउंडरनं आठ दिवस डोकं चालवून शोधून काढलं, की म्हाताऱ्या मालकिणीला बातम्या लागल्याशिवाय स्वस्थ बसवत नव्हतं आणि म्हैस तिच्या हाताची घाई ओळखायची.

ईश्वरी खो खो हसली. "निहार, ऐक, ऐक," असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि म्हशीचं ते पान तिनं त्याच्या खुर्चीकडं तोंड करून मोठ्यानं वाचलं. इथं तो हसला असता. नुसता हसला नसता, चष्मा काढून डोळे पुसले असते. हे तिला वाटत नव्हतं, ठाऊक होतं. गणितानं तसं सांगितलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो जिथं हसला असता तिथंच ती हसत होती, आणि जिथं तो थांबला असता तिथंच तीही थांबत होती. चार दिवस ती अशी सुखात होती, की तिनं लेकीला फोन करून सांगितलं, बाबा घरी आहेत म्हणून. लेक घाबरून गेली बिचारी.

एप्रिलमध्ये झोयाला काहीतरी खटकलं. ईश्वरी डुबल यांची रेषा छेदापाशी येऊन थांबली होती. थांबली होती म्हणजे छेदाच्या एवढीशी अलीकडं. तिथं टिंब पडलेलंच नव्हतं. सहा चिठ्ठ्या गेल्या, एकही पुस्तक नेलं नाही. झोया रविवारी सकाळी घरी आली.

पुस्तक टेबलावर होतं, खूण शेवटाजवळ.

"काकू, आवडलं नाही का?"

"आवडलं नाही? अगं, असं पुस्तक जन्मात वाचलं नाही मी." ईश्वरी पोहे घेऊन आली. "अकरा पानं राहिलीत."

"मग?"

"मग राहू देत. पुस्तक संपलं की टिंब पडतं, आणि टिंब पडलं की पुढं वेगळ्या वाटा. तूच सांगितलंस ना? मी काही जात नाही पुढं. मी इथंच बरी आहे."

झोयाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "पण काकू, काका तिथं थांबलेले नाहीत. त्यांची रेषा चालूच आहे."

"ठाऊक आहे. चिठ्ठ्या येतात की. मी उघडल्या नाहीत." मग तिनं हळूच विचारलं, "काय वाचतोय तो सध्या?"

झोयानं खिशातला पडदा काढला. सांगावं की नाही असं तिला झालं. "रहस्यकथा," ती म्हणाली. "लागोपाठ सहा. छेद झाला की रेषा बाजू बदलतात ना, काकू. काका तुमच्या बाजूला आलेत. आणि तुम्ही ती अकरा पानं वाचलीत तर तुमची रेषा त्यांच्या बाजूला जाते. समुद्र, बेटं, सगळं तुम्हाला आपोआप आवडायला लागेल."

"म्हणजे मी त्याच्या घरी जाणार आणि तो माझ्या घरी येऊन बसणार," ईश्वरी म्हणाली. "पुन्हा चुकामूकच की गं!" तिनं पदरानं डोळे टिपले. "एक प्रेत आणि सगळे चहा पिताहेत म्हणायचा. आता आवडतंय होय रे?"

"एक करता येईल," झोया म्हणाली. "तुम्ही सही केलीत तर काकांचं खातं मी मागच्या तारखेनं बंद करते. जानेवारीपासून. मग दोन्ही रेषा छेदापाशीच थांबतील. शेजारी शेजारी, कायमच्या." तिनं कागद बरोबर आणला होता. तो तिनं पोह्यांच्या बशीजवळ ठेवला.

ईश्वरीनं कागद उचलला, सगळा वाचला. पेनाचं टोपणही काढलं. मग तिनं विचारलं, "आत्ताची कुठली रहस्यकथा?"

झोयानं नाव सांगितलं.

"ती? बंगल्यातल्या माळ्याची?" ईश्वरीचा चेहरा एकदम उजळला. "अगं, ती फार भारी आहे. आता कुठं त्याला चांगलं काही वाचायला मिळतंय, आणि मध्येच उठवू त्याला? छे छे!" तिनं कागद परत केला. "वाचू दे. पुस्तकाशिवाय जगायचा नाही तो."

झोयानं कागदाची घडी केली आणि पोहे संपवले.

वर्षाच्या शेवटी वाचनालयाचा अहवाल तिलाच करावा लागे. नियम साधा होता. वर्षात ज्याच्या रेषेवर नवं टिंब पडलं तो चालू सभासद, ज्याच्या पडलं नाही तो थांबलेला. 'ड' अक्षरापाशी तिचा हात बराच वेळ अडला. मग तिनं निहार डुबल यांचं नाव चालू सभासदांत लिहिलं, पुस्तकं सव्वीस. ईश्वरी डुबल यांचं नाव तिनं थांबलेल्यांत लिहिलं.