निरोगी माणसाचा गंध

काचेच्या बोगद्यात सोडलेल्या वाळूमाश्या डावीकडे वळल्या आणि डॉ. वत्सला हेडाऊ लहान मुलीसारख्या खूश झाल्या. डावीकडे त्यांचा स्वतःचा हात होता.

"बघ निनाद, लेकरं आईला ओळखतात!"

उजवीकडे त्यांनीच तयार केलेला गंधपिंजरा होता. माश्यांनी खरं तर तिकडे जायला हवं होतं. नुकताच रुजू झालेला रसायनतज्ज्ञ निनाद बोरकुटे हसला नाही.

वाळूमाशी डासाहूनही लहान, उडते कसली, टुणटुण उड्या मारते. पण तिच्या दंशातून काळ्या आजाराचा परजीवी माणसात शिरला, की ताप हटत नाही, पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगते, अंगातलं रक्त आटतं आणि उपचार झाला नाही तर माणूस जातो. हवा तापत गेली, तशी पूर्वेकडची ही माशी विदर्भातल्या जंगलकाठच्या खेड्यांत, मातीच्या भिंतींच्या ओलसर भेगांत येऊन वसली होती. सोनेझरी हे त्यांतलंच एक गाव. तिथल्या शेवंताबाईंची थोरली सून पावसाळ्याआधी गेली होती आणि आता धाकटी अंथरुणाला खिळली होती. वत्सलाबाईंनी शेवंताबाईंना शब्द दिला होता, की गावातली माशी पिंजऱ्यात अडकवून दाखवीन.

"मॅडम, मला पिंजऱ्याचं सगळं मुळापासून सांगा," निनाद म्हणाला.

शिकवायला मिळालं की वत्सलाबाई फुलत. "परजीवीला एका माणसातून दुसऱ्यात जायचं असतं. त्याला ना पाय ना पंख. मग तो काय करतो? माणसाच्या अंगाचा वासच बदलतो! आपल्याला तो कळत नाही, पण माशीला वाटतं, पंगतीचं बोलावणं आलं. डोळ्यांना न दिसणारा जीव, मेंदू नाही, काही नाही, आणि माशीशी तिच्या भाषेत बोलतो. मला तर हात जोडावेसे वाटतात रे."

"आणि ते बोलावणं तुम्ही पिंजऱ्यात भरलंत."

"हो. रुग्णांच्या त्वचेचा गंधलेख घेतला, म्हणजे वासातलं कुठलं द्रव्य किती, त्याचा आलेख. त्यातून निरोगी माणसाचा गंधलेख वजा केला. उरलेली द्रव्यं पिंजऱ्यात."

"मग मागच्या खेपेला सोनेझरीत माश्या पिंजरा ओलांडून धाकट्या सुनेच्या खाटेकडे का गेल्या?"

त्याच प्रश्नानं वत्सलाबाईंची झोप उडाली होती.

निनादनं बोगद्यात आपला हात ठेवला आणि नव्या माश्या सोडल्या. त्या निमूट पिंजऱ्याकडे गेल्या. मग पुन्हा वत्सलाबाईंचा हात, पुन्हा नव्या माश्या. साऱ्या हाताकडे.

"तुम्ही रोज संध्याकाळी त्यांना स्वतःच्या हाताचं रक्त पाजता, म्हणून ओळखतात म्हणालात. पण या आज सकाळी कोशातून बाहेर आल्या. यांनी तुम्हाला पाहिलेलंच नाही. मग कुणाला ओळखतात?"

अंडी घालायला मादीला रक्त लागतं. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हापासून ते रक्त वत्सलाबाई जाळीआडून देत. तो मान त्या दुसऱ्या कुणाला मिळू देत नसत.

"मॅडम, निरोगी माणूस म्हणून गंध कुणाचा घेतला होता?"

"माझाच. उगाच दुसऱ्या कुणाला कशाला ताटकळत…"

वाक्य तिथंच थांबलं. त्यांचा हात हनुवटीकडे गेला. तिथं फिकट डाग होते. शिबं म्हणून त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. वडील रेल्वेत होते, बिहारात दरभंग्याला, काळ्या आजाराच्या मुलखात. तिथं लहानपणी आलेला तो लांबलचक ताप, इंजेक्शनं, आणि 'पोरगी बरी झाली' म्हणून आईनं वाटलेले पेढे, सगळं त्यांना आठवलं. बरा झालेला काळा आजार कधीकधी त्वचेत दडून बसतो आणि तिथूनही माशीला मिळतो, हे विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते.

"काखेत कळसा," त्या पुटपुटल्या. मग एकदम पांढऱ्या पडल्या. "निनाद, मागच्या खेपेला सोनेझरीत मी उघड्या हातांनी ओसरीवर बसले होते. माझ्यातूनही तिथल्या माश्यांनी परजीवी उचलला असेल."

निनादनं रुग्णांचे गंधलेख उघडले आणि त्यांतून या वेळी स्वतःचा गंध वजा केला. पडद्यावर, जिथं आजवर सपाट रेघ होती, तिथं एक सुळका उभा राहिला. नेमकं मुख्य द्रव्य आजवर वजा होत आलं होतं. मग त्यानं वत्सलाबाईंचा लेख शेजारी मांडला. त्यातही तोच सुळका होता.

वत्सलाबाई त्याकडे बघत राहिल्या. भीती वाटायला हवी होती, पण आधी आलं ते नवलच. "इतकी वर्षं हा माझ्या अंगातून हाका मारत होता," त्या म्हणाल्या, "आणि मी समजत होते, माश्यांना माझी माया आहे."

तपासणीत परजीवी सापडला. त्यांचं रक्त प्यालेल्या माश्या त्यांनी स्वतः नष्ट केल्या आणि त्या वेळी त्या रडल्या. अंडी मात्र ठेवली, कारण अंड्यांत परजीवी उतरत नाही. औषध सुरू झालं, पण डाग जायला आणि हाक थांबायला महिने लागणार होते.

त्याआधीच नवा पिंजरा तयार झाला. सोनेझरीत दिवेलागणीला तो शेवंताबाईंच्या अंगणात मांडला. ओसरीवर एका मच्छरदाणीत धाकटी सून होती आणि दुसऱ्या, तितक्याच बारीक विणीच्या, मच्छरदाणीत वत्सलाबाई. पिंजऱ्याची खरी परीक्षा याच दोघींपुढे होती.

भिंतीच्या भेगांतून माश्या निघाल्या. कंदिलाच्या उजेडात मातकट धूळ उडावी तशा त्या अंगण ओलांडत गेल्या आणि पिंजऱ्याची जाळी काळी पडत चालली. गावाची सगळी माशी कुणी हाताला धरून नेत असावं, असं ते दृश्य होतं. शेवंताबाईंनी सुनेची मच्छरदाणी चारी बाजूंनी निरखली. तिच्यावर एकही माशी नव्हती.

"सोडलं जी बाई त्याईनं हिले," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या.

वत्सलाबाईंनी आपला हात मच्छरदाणीला आतून टेकवला. थोडा वेळ वाट पाहिली. कुणी आलं नाही.

"मलाही सोडलं," त्या म्हणाल्या.